रविवारच्या आत सरदार उभा राहायला हवा

रविवारी मी चालवणार त्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळातला खलनायक: हाफ-ऑर्क सरदार, अर्धा माणूस आणि अर्धा ऑर्क, म्हणजे सुळेवाल्या राकट जमातीचा. आधी पुस्तक. २०२४च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकात, हाफ-ऑर्क उरलाच नाही, नुसता ऑर्क आहे, म्हणून २०१४चं जुनं पुस्तक माळ्यावरून काढायचं. त्यात नोबलला, म्हणजे उमराव पात्राला, उंची कपडे, मुद्रेची अंगठी, वंशावळीची गुंडाळी आणि २५ सोन्याची नाणी मिळतात. आपलं सगळं कारस्थान त्या गुंडाळीत.

कागद चहाच्या पाण्यात बुडवून रात्रभर पंख्याखाली वाळवायचा. बोरूने सात पिढ्या लिहायच्या. मग आईचं नाव ब्लेडने खरवडायचं, पण इतकंच की उजेडासमोर धरलं तर पहिलं अक्षर दिसावं. आई ऑर्क होती हे माहीत असलेली तीन माणसं उरली आहेत: सुईण, वंशावळ लिहिणारा भाट आणि एक म्हातारा माहूत. सरदारसाहेब त्यांना एकेक करून संपवताहेत. ऑर्क रक्त आहे म्हणून दुष्ट, असली आळशी गोष्ट नको. दुष्टपणा त्याने बापाच्या दिवाणखान्यात शिकलाय.

ताकद +२, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) +१, इंटिमिडेशन (धाक घालण्याचं कौशल्य) आयतं. ते लिहून टाकायचं आणि विसरायचं. विसरायचं नाही ते हे: हिट पॉइंट, म्हणजे जीवाचे गुण, शून्यावर आले की तो पडत नाही, १ वर टिकतो, लाँग रेस्टपर्यंत (पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत) एकदाच. लाल पेनाने. मागचा खलनायक मी याच विसराळूपणात तिसऱ्या राउंडला घालवला होता.

जेवणाचा प्रसंग नीट बसवायचा. शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यातल्या मेजावरची चांदीची आगगाडी ग्वाल्हेरात कुणी पाहिली नाही? पाहुण्यांपुढे ब्रँडी आणि सिगार फिरवणारी. ती उचलायची, पण आगगाडीच्या जागी चांदीचा रथ, आणि त्यात मोहरबंद चिठ्ठी. रथ ज्याच्यापुढे थांबेल त्याने बोलायचं. भाच्याची चावीची गाडी आणि मिठाईच्या डब्यातला चंदेरी कागद एवढ्यावर काम भागतं. गाडी घ्यायची, घराणं नाही; आपल्या टेबलावर दोन आडनावं जुन्या सरदारांची आहेत, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यावरचा चहा बंद व्हायचा.

चिठ्ठी उघडली की यजमान स्वतःच्या हाताने समया विझवतो. त्याला अंधारात ६० फूट दिसतं, पाहुण्यांतल्या माणसांना नाही. इथे खोलीतला दिवाही खरंच घालवायचा, स्विचजवळची खुर्ची माझी.

बोलणं आरशासमोर दोनदा घोटायचं. एक सुळा कानशीने घासलेला, दुसऱ्यावर सोन्याचं टोपण, त्यामुळे ओठ फार न उघडता बोलतो. नोकरांनासुद्धा 'आपण' म्हणतो. ज्या क्षणी तो कुणाला 'तू' म्हणेल, त्या क्षणी इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईला तोंड. हे खेळाडूंना सांगायचं नाही.

राहता राहिली गजक, आमची तीळ-गुळाची मिठाई. थंडीत ती येणारच, पण ताटली नकाशापासून हातभर लांब. गेल्या खेपेला तिळाचा एक तुकडा अर्धा तास गोब्लिन म्हणून लढला.