तापीच्या पुरात दोर कसा फेकावा
ब्रिटनची लाइफबोट संस्था १८२४ पासून बुडणाऱ्यांना वाचवायला समुद्रात होड्या घालते. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठी मात्र आधी दोर, होडी नंतर.

दोर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या, २० मीटर, ८ ते १० मिलिमीटर जाड. तो तरंगतो, नायलॉनचा बुडून दगडांत अडकतो. वेटोळं करून ठेवलेला दोर ऐन वेळी हमखास गुंततो, म्हणून पिशवीत मुठीमुठीने कोंबा, टोक बाहेर ठेवा. ते हातात धरायचं. कमरेला बांधलंत तर तुम्हीही वाहून जाल.

वाहून चाललेल्या माणसाला आधी हाक मारा. त्याने बघितलं की पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे फेका. झटका जबर बसतो: खाली बसा, टाचा रोवा. ओढायची घाई नको, धारच त्याला काठाला लावते. खालच्या अंगाला बाभळी किंवा पुलाचे खांब असतील तर मुळात ती जागाच निवडू नका.