आर्क्टिकचे देवमासे कुठवर पोहोचले? घरबसल्या माग असा काढा

आर्क्टिकमध्ये वर्षभर राहणारे देवमासे तीन जातींचे: बोहेड, बेलुगा आणि नारव्हाल. तिघांच्याही मागे एकदम लागू नका. मी तर अलास्काच्या बोहेडपासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यांची वाट बऱ्यापैकी ठरलेली आहे. हिवाळा बेरिंग समुद्रात, वसंतात बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे, उत्कियाग्विक गावाजवळून ब्यूफोर्ट समुद्रात आणि शरद ऋतूत माघारी. ही वाट आधी कागदावर पेन्सिलीने काढून घ्या.

आता बर्फ बघा. अमेरिकेचे राष्ट्रीय हिम व बर्फ माहिती केंद्र समुद्री बर्फाचा नकाशा रोज देते. बर्फ मार्चच्या सुमारास सर्वांत जास्त पसरतो, सप्टेंबरात सर्वांत कमी उरतो. वसंतात बोहेड बर्फातल्या लांबट भेगांमधून पुढे सरकतात, पण त्या नकाशात अरुंद भेगा उमटत नाहीत. म्हणून तिथे सगळे पांढरे दिसले, तरी वाट बंद आहे असे धरू नका.

तिसरे काम उपग्रह-टॅगचे, म्हणजे देवमाशाच्या अंगाला लावलेल्या छोट्या प्रक्षेपकाचे, नकाशावरचे ठिपके वाचण्याचे. इथेच सर्वाधिक चुका होतात. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत, त्यामुळे देवमासा श्वासासाठी वर आला तरच टॅगचा संदेश आर्गोस या उपग्रहांवरून ठिकाण काढणाऱ्या यंत्रणेला मिळतो. प्रत्येक ठिपक्याला दर्जा असतो. दर्जा ३ म्हणजे चूक साधारण २५० मीटरच्या आत, १ म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत. शून्य, ए आणि बी दर्जाच्या ठिपक्यांवर विसंबू नका. एखादा ठिपका जमिनीवर पडला, तर तो सरळ वगळा. दोन ठिपके सरळ रेषेने जोडले, तरी देवमासा त्याच रेषेने गेला असे नसते.

बर्फाखालचे मात्र कानानेच कळते. देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९७७ मध्ये अलास्कातल्या बोहेडच्या शिकारीवर बंदी घातली, कारण मोजणीत देवमासे फार थोडे भरले होते. अलास्काचे मूळ रहिवासी असलेले इन्युपियाट शिकारी सांगत राहिले की देवमासे बर्फाखालूनही जातात, बर्फाच्या काठावरून ते दिसणारच नाहीत. पुढे पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणारे मायक्रोफोन, सोडले आणि त्यांचे म्हणणे खरे निघाले. मला हा या विषयातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो. म्हणून वहीत ‘दिसले’ आणि ‘ऐकू आले’ असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि ध्वनिमुद्रणे जिथे खुली असतील तिथे ती ऐका.

बेलुगांसाठी जुलै-ऑगस्ट राखून ठेवा. तेव्हा कॅनडातल्या हडसन उपसागराला मिळणाऱ्या चर्चिल नदीच्या मुखाशी ते हजारोंनी जमतात. ‘बेलुगा बिट्स’ या प्रकल्पात तिथली पाण्याखालची छायाचित्रे स्वयंसेवक तपासतात.

एखादा ठिपका येईनासा झाला, तर घाबरू नका. टॅग गळून पडतो किंवा त्याची बॅटरी संपते. वहीत शेवटची तारीख आणि त्या दिवशीची बर्फाची कड नोंदवा. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तिथून पुन्हा पाहायला लागा.