वडिलांचं-आजोबांचं जुनं घड्याळ वापरात कसं आणावं

घरातलं जुनं मनगटी घड्याळ हाती आलं की पहिला मोह होतो तो चावी देऊन कानाला लावायचा. तेवढा आवरा. टिकटिक ऐकू आली तरी घड्याळ ठीक आहे असं नव्हे. वर्षानुवर्षं डबीत पडून मशीनमधलं तेल वाळतं किंवा चिकट होतं, आणि अशा कोरड्या मशीनला चालवलं की चाकांच्या आसांची बारीक टोकं झिजतात. एचएमटी जनताचं मशीन ताशी १८,००० ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. तेलाविना एवढी घासाघीस कशाला?

आधी घरात बोला

घड्याळाची वाटणी करता येत नाही, म्हणून ते कोणी घालायचं हे सगळ्या भावंडांसमोर ठरू द्या. 'बाबांचं घड्याळ मुलाकडेच' ही आपल्याकडची सवय आहे, नियम नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. शिवाय त्या काळातली घड्याळं साधारण ३४-३५ मिलिमीटरची, आजच्या थाळीएवढ्या डायलांपुढे लहान. बहिणीच्या मनगटावर ती भावापेक्षा शोभून दिसतात, हे माझं मत.

याच बैठकीत आई, आत्या, काका यांना विचारून घ्या: कधी घेतलं, कोणी दिलं, लग्नातलं की पहिल्या पगाराचं? ते कागदावर लिहून डबीत ठेवा. जुनं बिल सापडलं तर तेही.

काय हाती आलंय ते ओळखा

डायल आणि मागचं झाकण नीट वाचा. विदर्भातल्या घरांत बहुधा एचएमटी निघतं. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत या घड्याळांचा कारखाना सुरू झाला. जनता, पायलट, सोना ही चावीची. कांचन ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीवर चालणारं. २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. तरी जनता इतकी खपली होती, की दुसऱ्या बंद घड्याळातून तिचे पार्ट आजही काढता येतात. फावर-लुबा, वेस्ट एंड, रोमर, कॅमी अशी स्विस नावं असतील तर पार्ट मिळायला वेळ लागतो.

सेलवर चालणारं क्वार्ट्झ असेल तर जुना सेल लगेच काढून घ्या. तो आत फुटला की सर्किट खातो. आणि सत्तरच्या दशकाच्या आधीचं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ असेल तर घरी उघडू नका. त्या रंगात रेडियम असू शकतं. त्याची भुकटी श्वासात जायला नको.

घड्याळजी निवडा

खरी गोम इथे आहे. नागपुरात बर्डी, महाल, इतवारी, सदर या भागांत जुन्या हातांनी काम करणारे घड्याळजी अजून सापडतात. मॉलमधल्या सेल बदलणाऱ्या काउंटरकडे मात्र हे काम नेऊ नका. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न: "काका, पूर्ण खोलून साफ करणार, की वरून तेल सोडणार?" वरून तेल सोडणारे असतील तर नमस्कार करून निघा. मळावर तेल पडलं की त्याचा घासणारा चिकट लगदा होतो आणि घड्याळ आणखी लवकर झिजतं. पाहिजे ते ओव्हरहॉलिंग: मशीन सुटं करायचं, प्रत्येक चाक धुवायचं, ठरलेल्या जागी थेंबभर तेल द्यायचं.

झाकण उघडलं की त्याची आतली बाजू दाखवायला सांगा. भिंगातून पाहिलं तर तिथे सुईने कोरलेल्या बारीक खुणा दिसतात. कुठे तारीख, कुठे दोन अक्षरं, कुठे नुसता आकडा. आधीच्या घड्याळजींनी आपापल्या कामाची केलेली ही नोंद. आजोबांनी घड्याळ किती निगुतीने वापरलं हे त्यावरून कळतं. त्या घासून काढू देऊ नका.

मग स्पष्ट सांगा, जमल्यास चिठ्ठीवर लिहून द्या: डायल रंगवायचा नाही, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, बफ मारून चकचकीत करायचं नाही, बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत द्यायचा. घड्याळजी प्रेमानेच म्हणतील, "एकदम नवीन करून देतो." नवीन नकोच आहे. पिवळट पडलेल्या डायलवरची छपाई एकदा पुसली की मूळची तशी परत येत नाही, आणि बाजारात जी झगझगीत रंगीत डायलची 'जुनी' एचएमटी दिसतात त्यांतली बरीचशी अशीच रंगवलेली असतात. काचेचं मात्र वेगळं. ती बहुतेक प्लॅस्टिकची असते, चरे पडून आंधळी होते. ती खुशाल बदला.

पट्टा

पट्टा बसतो त्या दोन कानांमधलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजा. पुरुषी जुन्या घड्याळात ते बहुधा १८ निघतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चामड्याचा पट्टा आठवड्याभरात घामाने वास मारायला लागतो, म्हणून उन्हाळ्यापुरता नायलॉनचा एकसंध पट्टा घ्या. तो दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन निसटली तरी घड्याळ रस्त्यावर पडत नाही. सिमेंट रस्त्यांच्या शहरात हे लहानसहान नाही. पट्टा आठवड्याला धुवा, मूळचा जपून ठेवा. केसला सोन्याचं पाणी असेल तर घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. घाम मुलाम्याला खातो.

रोजचं

चावी सकाळी, ठरलेल्या वेळी, घड्याळ हातातून काढून द्या. मनगटावरच दिली तर चावीच्या दांडीवर तिरका जोर येतो. अडल्यासारखं वाटलं की थांबा. काटे पुढेच फिरवा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ दरम्यान तारीख हाताने बदलू नका, त्या वेळी तारखेची चाकं गुंतलेली असतात. दिवसाला अर्धा मिनिट मागे-पुढे होणं हे या वयाच्या घड्याळाला माफ.

मागे 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं असलं तरी आतलं रबर केव्हाच वाळलेलं असतं. पावसात खिशात नव्हे, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कूलरसमोरच्या खिडकीत आणि उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको. काचेच्या आत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात पुरत बसू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, कारण गंज वाट पाहत नाही.

आणि चांगलं चालणारं घड्याळ अचानक दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं, तर ओव्हरहॉलिंगचे पैसे काढण्याआधी चुंबकाचा संशय घ्या. मोबाईलचं चुंबकाचं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण, यांच्याजवळ रात्रभर राहिलं की आतल्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात. चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर बहुतेक घड्याळजींकडे असतो. काम दोन मिनिटांचं, झाकणही उघडावं लागत नाही.