अडचण नेमकी कुठे आहे, हे मुलालाच शोधू द्यावे

मूल ‘मला जमत नाही’ म्हणाले की आपण लगेच उपाय सुचवू लागतो, आणि बहुधा तिथेच चुकतो. कारण त्या वाक्यात अडचण सांगितलेलीच नसते. मात्र ती शोधण्याआधी ध्येय खरोखर मुलाचे आहे ना, याची खात्री करून घ्यावी. आईवडिलांची हौस त्याच्या नावावर चालली असेल, तर त्याची टाळाटाळ ही अडचण नसून उत्तर असते.

पोहायला शिकू पाहणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीचे उदाहरण घेऊ. काठ धरून ती पाय छान मारते, पण काठ सोडत नाही. ‘घाबरू नकोस’ म्हणून काही साधत नाही. त्याऐवजी ‘नेमके कोणत्या क्षणी थांबावेसे वाटते?’ असे विचारावे आणि गप्प राहावे (हे गप्प राहणेच मोठ्यांना सर्वांत जड जाते). थोड्या वेळाने तीच सांगते की खोल पाण्याचे तिला काही वाटत नाही, नाकात पाणी जाते त्याची धास्ती आहे. आता अडचण आवाक्यात आली. मोठे माणूस शेजारी असताना उथळ पाण्यात उभे राहायचे, चेहरा बुडवायचा आणि नाकाने सावकाश श्वास सोडत बुडबुडे काढायचे, एवढाच सराव सुरुवातीला पुरेसा आहे.

तीच अडचण पुन्हा आली तर काय करायचे, हेही आधी ठरवून ठेवावे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी अभ्यासलेली ‘जर-तर’ची पद्धत इथे उपयोगी पडते. ‘नाकात पाणी गेले, तर मी उभी राहीन, नाक शिंकरीन आणि तीन श्वास घेऊन पुन्हा सुरू करीन,’ हे वाक्य मुलीने स्वतःच्या शब्दांत तयार करावे. आपण घोकून घेतलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही.

मदत किती करावी, हा प्रश्न उरतोच. १९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळे रचायला शिकवताना मोठ्यांच्या मदतीला परांचीची उपमा दिली. मूल अडले की आधार वाढवायचा आणि त्याला जमू लागले की काढून घ्यायचा. काढून घेणे आपण विसरतो.

कौतुक करताना ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘आज तू तीनदा चेहरा बुडवलास’ असे म्हणावे. मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत, बुद्धीची स्तुती झालेल्या मुलांनी अपयशानंतर चिकाटी कमी दाखवली होती. सराव करूनही काही हलले नाही, तर पायरी आणखी लहान करावी किंवा पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. पहिल्या वेळी मिळालेले उत्तर अर्धवट असण्याची शक्यता बरीच असते.