जांभूळ उतरवलं, त्याच दिवशी मार्गी लावा

मॉन्सून दाराशी आलाय. एक मोठी सर आली की पिकलं जांभूळ तडकतं, गळतं. उरलेल्याचीही गोडी दोन दिवस उतरते, असा आपला अनुभव. विद्यापीठाच्या पुस्तकात तो शोधू नका.

पण माल पावसापेक्षा जास्त जातो तो "सकाळी बघू" म्हणून. दुपारी उतरवलेलं फळ गोणीत भरून पडवीत ठेवतात. पहाटे गोणीच्या बुडातून रस झिरपलेला असतो, वर चिलटं आणि आंबूस वास. 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं पालघरकडच्या बहाडोलीचं टपोरं जांभूळसुद्धा गोणीत रात्र काढत नाही.

उतरवताना:
- पूर्ण काळं झालेलंच तोडा, कच्चं तोडलं तर पुढे पिकत नाही
- परांचीवरून, देठासकट, उथळ टोपलीत
- खाली पडलेलं वेगळं. किडकं रोज खोल पुरा, फळमाशी तिथूनच वाढते
- ओला माल पंख्याखाली एका थरात

बाजारात जाणार नसेल तर संध्याकाळीच गर काढा. फळ धुवा, स्टीलच्या पातेल्यात थोडं गरम करून हाताने कुस्करा, चाळणीतून गाळा. मिक्सर नको, बी फुटली की तुरटपणा उतरतो. लोखंडी, ॲल्युमिनियमचं भांडंही नको.

स्क्वॅशसाठी (पाणी घालून प्यायचं घट्ट सरबत) 1 किलो गाळलेल्या रसाला 1 किलो 650 ग्रॅम साखर, 1.3 लिटर पाणी, 35 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. तयार होतो साधारण 4 किलो. टिकवायला किलोमागे 600 मिलिग्रॅम सोडियम बेंझोएट, म्हणजे सगळ्याला अडीच ग्रॅमच्या आतच. दुकानदार पोटॅशियम मेटाबायसल्फाईट पुढे करेल, "सगळ्या फळांना हेच चालतं" म्हणेल. जांभळाला नको, त्याने रंग उडतो. मग तोच दुकानदार रंगाची पुडी विकतो! "जांभूळ स्पेशल" पाकिटांचंही तेच. आत काय आहे ते वाचल्याशिवाय पैसे काढू नका.

एवढा खटाटोप नको असेल तर गर पिशव्यांत भरून डीप फ्रीजमध्ये टाका. घरी खायला मीठ लावून तासभर मुरवलेल्या जांभळाला तोड नाही, पण तेही त्याच दिवशीचं हवं.

बिया फेकू नका. गर सुटेपर्यंत चोळून धुवा, दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा, मगच दळा. ओलसर बियांच्या पुडीला बुरशी धरते. ही पूड लोक मधुमेहासाठी घेतात, पण विकताना मधुमेहाची गोळी बंद करा असं कुणाला सांगू नका.