उथळ नदीसाठी छोटी जेट बोट: इंजिनाला हात लावण्याआधी तळ बघा

जुन्या वॉटर स्कूटरचं इंजिन आणि पंप बारा फुटी अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत बसवून उल्हास किंवा वैतरणेच्या उथळ पात्रात न्यायचा बेत असेल, तर एक गोष्ट आधीच ऐका. बोट वळणावर घसरते, मधेच जोर सोडते, तेव्हा नवखा माणूस इंजिनाकडे धावतो. नवा इंपेलर (पंपातला फिरणारा पंखा), जास्त पिच (पात्यांचा तिरकेपणा), जास्त हॉर्सपॉवर. तिथे पैसे घालू नका. बहुतेक वेळा पंप हवा खात असतो, आणि ती हवा तळावरून येत असते.

इनटेकच्या, म्हणजे तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडापुढचा साधारण एक मीटर तळ काचेसारखा सपाट हवा. तिथे मधली कील (तळाच्या मधोमधची उभी पट्टी), स्ट्रेक (तळावरच्या लांबट उंच पट्ट्या), वेल्डचा उंचवटा, बोल्टचं डोकं किंवा फिशफाइंडरचा ट्रान्सड्यूसर (मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर) असला, की त्यामागे पाणी फाटतं आणि बुडबुड्यांची रेघ थेट पंपात शिरते. इंपेलरला हवा लागली की आरपीएम एकदम उडतो आणि ढकल जाते. जेट बोटीला सुकाणूचं पातं नसतं, वळवतो तो नोझलमधला पाण्याचा झोतच. म्हणजे ढकल गेली की वळणंही गेलं, आणि तेही नेमकं खडकासमोर.

हे ओळखायचं कसं? सरळ चालताना सगळं ठीक आणि वळताना किंवा लाटेवर आरपीएम उडत असेल, तर हवा. सरळ चालतानाही आरपीएम जास्त आणि वेग कमी, आणि हे हळूहळू वाढत गेलं असेल, तर वेअर रिंग, म्हणजे इंपेलरभोवतीची कडी, झिजली आहे. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) इंपेलरच्या प्रत्येक पात्यापाशी घालून बघा: फट अर्ध्या मिलिमीटरच्या वर बरीच गेली असेल तर रिंग बदला. पात्याच्या कडेला टोचल्यासारखे खड्डे दिसले तर कॅव्हिटेशन, म्हणजे दाब घटून पाण्यातच वाफेचे बुडबुडे होणं. हे तिन्ही आजार वरून सारखेच दिसतात, आणि पैसे इथेच वाया जातात.

उपाय स्वस्त आहे. दोन फुटी लोखंडी पट्टी इनटेकपुढे तळाला लावा. पट्टीखालून उजेड दिसला की तिथे पोक किंवा खळगा आहे. इनटेकच्या रुंदीत येणारी कील आणि स्ट्रेक तेवढ्या एक मीटरपुरती ग्राइंडरने काढा आणि वेल्ड सपाट करा. बाहेरच्या बाजूच्या स्ट्रेकना हात लावू नका, वळताना पकड त्याच देतात. इनटेक ब्लॉक आणि तळ यांच्या सांध्यात पॉलियुरेथेन सीलंट भरा, तिथूनही हवा ओढली जाते. एका दुपारचं काम आहे, घाबरू नका.

गोदीतल्या मिस्त्रीबद्दल स्पष्टच सांगतो. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) बोटींवर हयात घालवलेला माणूस वेल्डिंग आणि शाफ्टचं अलाइनमेंट उत्तम करेल. पण बोट सरळ पळावी म्हणून तो मधोमध कील मारून देईल. त्याच्या बोटीत ते बरोबरच आहे. तुमच्या बोटीत नको म्हणा.

मग वजन. नाक खालीवर उड्या मारत असेल तर बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढे न्या, नाक पाण्यात खुपसत असेल तर मागे. ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी दहा-दहा किलोच्या रेतीच्या पिशव्या सरकवून जागा ठरवा.

परदेशी व्हिडिओ जपून बघा. जेट बोट न्यूझीलंडच्या हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात तिथल्या गोट्यांच्या नद्यांसाठी घडवली. गोल गोट्यांवरून बोट सरकते. आपल्याकडे काळा कातळ आहे, धारदार आणि पायऱ्यापायऱ्यांचा, त्यावर बोट फाटते. तळाला ४ मिमी पत्रा आणि त्याखाली यूएचएमडब्ल्यू या निसरड्या, चिवट प्लास्टिकची ६ ते १२ मिमीची शीट घाला. ६ मिमीच्या दोन चौरस मीटर शीटचं वजन अकरा किलोच्या आसपास भरतं. उन्हात ती बरीच फुगते, म्हणून भोकं लांबट ठेवा, नाहीतर स्क्रूपाशी लाटा उठतात. आणि इनटेकपुढची तिची कड तिरकी तासा. ती उभी राहिली तर पुन्हा तीच हवा.

कल्याणच्या आसपास जलपर्णी आणि खाडीकडे प्लास्टिकच्या पिशव्या, या दोन्ही इनटेकच्या तोंडावरच्या जाळीला गच्च बसतात. जाळीचे गज फार जवळ ठेवाल तर दगड अडेल, पण पिशवी कायमची चिकटेल. पायाने दाबून गज उघडणारी जाळी बसवता आली तर उत्तम. हात घालायच्या आधी इंजिन बंद, किल्ली खिशात, बॅटरीची तार सुटी. यात सूट नाही.

थांबलेल्या बोटीला निदान दोन फूट पाणी हवं. त्याहून कमी पाण्यात थ्रॉटल दिलात तर पंप तळातली रेती आणि खडे उचलतो. धावत असताना मात्र बोट वीतभर पाण्यावरूनही जाते, म्हणून उथळ पट्ट्यात शिरल्यावर थ्रॉटल सोडू नका. सोडलात तर बोट बसते आणि वळतही नाही. शिरायचं की नाही ते अलीकडेच ठरवा.

नदीच्या पाण्यावर थंड होणारं इंजिन घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, पण क्रम पाळून: आधी इंजिन चालू, मग नळ, बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एग्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं.