चुन्याचं काम शिकायचंय? एक वर्ष काढून या

"दादा, जुन्या वाड्यांचं काम शिकायचंय, कुठं जाऊ?" असं विचारणाऱ्याला मी आधी गवंडीकाम शिकून यायला सांगतो. आयटीआयचा गवंडी ट्रेड 1 वर्षाचा आहे. ओळंबा धरणं, सूत बांधणं, थापीनं माल मारणं हातात बसलं की पुरे. घरातच गवंडीकाम असेल तर हे वर्ष वाचवा.

जुने वाडे चुन्यात बांधलेले असतात, म्हणून मग चुन्यात काम करणारा एक मिस्त्री गाठा आणि त्याच्याजवळ सलग वर्षभर राहा. दोन आठवड्यांच्या कार्यशाळेनं ओळख होते, काम येत नाही. चुना जानेवारीत एक वागतो, एप्रिलमध्ये दुसरं आणि जुलैत तिसरंच.

पहिलं काम कळी, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवण्याचं. हौदात आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. कळीवर पाणी ओतलंत तर ती उसळून अंगावर येते. विटांचा हौद किंवा पत्र्याचं पिंप घ्या, प्लॅस्टिक नको, कारण पाणी अक्षरशः खदखदतं. गॉगल आणि लांब रबरी हातमोजे घातल्याशिवाय जवळ जायचं नाही. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग पहिल्याच आठवड्यातला आहे, बाही वर करून ढवळत होतो. डोळ्यात उडालं तर लगेच स्वच्छ पाण्यानं 20 मिनिटं धुवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

विरलेला चुना गाळा आणि वर पाणी ठेवून किमान महिनाभर मुरू द्या. मुरला की तो लोण्यासारखा थापीला धरतो.

गिलाव्यासाठी, म्हणजे भिंतीच्या प्लॅस्टरसाठी, 1 भाग चुना, 3 भाग चाळलेली वाळू. ओल येणाऱ्या जागी थोड्या वाळूऐवजी सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड. गूळ, बेलफळ, मेथी, उडीद घालणारे मिस्त्री भेटतील. त्यांच्याकडून जरूर शिका, पण शेजारी साध्या मालाचाही नमुना लावा, तारीख घालून वहीत लिहा. नाहीतर फरक कशानं पडला ते कधीच कळणार नाही.

तिसऱ्या वर्षी एका वाड्याची पश्चिमेची भिंत मी एप्रिलमध्ये घाईनं केली. नीट भिजवली नाही, गोणपाटं लावली नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळीकडं केसासारख्या भेगा, सगळा गिलावा खरवडावा लागला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला ओलावा लागतो. आधीच वाळला तर भुसभुशीतच राहतो. म्हणून भिंत आदल्या दिवसापासून भिजवा, थर 10 मिलिमीटरच्या आत ठेवा आणि आठवडाभर तरी ओली गोणपाटं हलू देऊ नका.

साइटवर बहुतेकदा आधी सिमेंटच्या दरजा, म्हणजे विटांच्या सांध्यांत नंतर भरलेलं सिमेंट, काढाव्या लागतात. सिमेंट भिंतीतली ओल कोंडतं, मग लोणा (ओलीबरोबर येणारे क्षार) लागून जुन्या मऊ विटेचं तोंडच पापुद्र्यांनी सुटतं. इथं ग्राइंडर चालवू नका, वीट कापली जाते. लहान छिन्नी, हलकी हातोडी, आणि दिवसाला जेवढं होईल तेवढं.

सुट्टी काढून मुरूडच्या समुद्रातला पद्मदुर्ग किल्ला बघून या. खाऱ्या वाऱ्यानं तटाचे दगड झिजून आत गेलेत आणि दरजांतला शिवकालीन चुना जाळीसारखा बाहेर उभा आहे. समुद्र शांत असेल तेव्हाच होडी जाते, म्हणून पावसाळा सोडून जा.